पीएचपीच्या मॅन्युअलमध्ये असर्ट कॉलबॅकची माहिती सुधारताना

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या मॅन्युअलमधल्या प्रत्येक पानाच्या तळाशी पान सुधारण्यासाठी एक छोटा भाग असतो. त्यात तीन दुवे असतात: सुधारणा कशी करायची ते वाचा, पुल रिक्वेस्ट (आपण केलेला बदल मूळ मजकुरात घेण्याची विनंती) पाठवा, चूक कळवा. रोज मॅन्युअल उघडणाऱ्या माझ्यासारखीनेही ते दुवे कधी दाबून पाहिले नव्हते. ते काम परदेशातल्या, पीएचपी आतून बांधणाऱ्या लोकांचं, असं मनात पक्कं बसलं होतं. २०२२ च्या पावसाळ्यात मी ती वाट पहिल्यांदा धरली आणि शेवटपर्यंत गेले. त्या वेळी कोणी मराठीत क्रमवार सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. मी सांगलीत एका लहान कंपनीत आहे. आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो: पिग्मी, मुदत ठेव, कर्जखाती, दिवसअखेरचा ताळा. हे सगळं पीएचपीत आहे आणि बरंचसं माझ्या आधीच्या लोकांनी लिहिलेलं आहे. त्यांनी एक चांगली सवय लावून ठेवली होती. व्हाउचर नोंदवून झालं की जमा आणि नावे यांची बेरीज जुळलीच पाहिजे, ही अट कोडमध्ये असर्ट फंक्शनने लिहिलेली असे. अट मोडली तर एक ठरलेलं फंक्शन चालायचं आणि कुठल्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर, कोणती अट मोडली ते लॉगमध्ये टाकायचं. या ठरलेल्या फंक्शनला असर्ट कॉलबॅक म्हणतात. असर्ट ऑप्शन्स नावाच्या फंक्शनने किंवा पीएचपी डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमधून त्याचं नाव पीएचपीला सांगून ठेवायचं.

पीएचपी ७.४ चा आधार (सपोर्ट) २८ नोव्हेंबर २०२२ ला संपणार होता. त्यामुळे जूनपासून आम्ही सगळं ८.१ वर न्यायला घेतलं. चाचणीच्या सर्व्हरवर एक अट मोडली (चाचणीतला डेटा मुद्दाम बिघडवला होता, ते बरोबरच होतं) आणि लॉगमध्ये सगळ्यात वर जमा-नावेची तक्रार दिसण्याऐवजी दुसरंच काही आलं. आमच्या कॉलबॅकच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटला (फंक्शनला दिल्या जाणाऱ्या तिसऱ्या मूल्याला) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, हवी होती आणि मिळालं नल, म्हणजे 'काहीच नाही', अशी टाइप एरर. अट कुठली मोडली ते त्या गोंधळात दिसेना.

कारण शोधायला मॅन्युअल उघडलं. माहिती होती, पण विखुरलेली. असर्टच्या पानावर थोडी, असर्ट ऑप्शन्सच्या पानावर थोडी, आयएनआय सेटिंगच्या पानावर थोडी आणि ८.० वर जाताना काय बदललं त्या मार्गदर्शिकेत थोडी. ती सगळी पानं शेजारी शेजारी उघडून वाचली तेव्हा चित्र लागलं. ते असं.

पूर्वी असर्टला अट स्ट्रिंगमध्ये देता यायची. म्हणजे अटीचा कोड अवतरणचिन्हांत लिहायचा आणि पीएचपी तो चालवून बघायची. कॉलबॅकच्या तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये तीच स्ट्रिंग यायची, म्हणून जुन्या उदाहरणांत त्या आर्ग्युमेंटचं नाव 'कोड' असं असे. ७.२ मध्ये स्ट्रिंगमधल्या अटी कालबाह्य ठरवल्या. ८.० मध्ये तर पीएचपीने त्या चालवणंच बंद केलं. हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून जरा थांबून सांगते. ८.० पासून अवतरणचिन्हांतली अट म्हणजे नुसती एक स्ट्रिंग, आणि पीएचपीत भरलेली स्ट्रिंग 'खरी' धरली जाते. त्यामुळे अशी अट कधीच मोडत नाही. एररही येत नाही. जुना कोड नव्या आवृत्तीवर नेताना असर्टच्या पुढे अवतरणचिन्ह असलेली प्रत्येक ओळ शोधून काढा, मगच पुढे जा. आमच्याकडे ७.२ च्या इशाऱ्यांमुळे आधीच्या लोकांनी त्या बदललेल्या होत्या, म्हणून आम्ही सुटलो.

आता तिसरं आर्ग्युमेंट. ७ च्या मालिकेत अट स्ट्रिंग नसेल तर तिथे रिकामी स्ट्रिंग यायची. ८.० पासून तिथे कायम नल येतं. आमच्या कॉलबॅकमध्ये त्या जागी 'स्ट्रिंग' असा टाइप लिहिलेला होता. रिकामी स्ट्रिंग त्यात बसायची, नल बसत नाही. आणि जी माहिती तिसऱ्यात शोधत होतो ती आता चौथ्यात येते: असर्टला दिलेलं वर्णन. हे वर्णन ५.४.८ पासून आहे. ७.० पासून ते आपण दिलं नाही, तर पीएचपी स्वतः अटीचाच मजकूर वर्णन म्हणून जोडते. म्हणजे आमच्या लॉगमध्ये इतकी वर्षं 'कोड' पुढे जी रिकामी जागा होती, ती भरायला नुसतं चौथं आर्ग्युमेंट घ्यायला हवं होतं.

दुरुस्ती दोन ओळींची होती. पण त्या दोन ओळींपर्यंत पोचायला दुपार गेली, आणि आमच्यासारखी जुनी सॉफ्टवेअरं सांभाळणारी कितीतरी माणसं त्याच महिन्यांत त्याच पानांवर येणार होती. ही चारही उत्तरं एका जागी असायला हवीत, असं मला फार तीव्रतेने वाटलं. आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "कर की. पण क्लायंटचं काम आधी, हे संध्याकाळी कर." ते रास्तच होतं.

पहिला प्रश्न: नक्की कुठे लिहायचं? मॅन्युअलच्या पानाखाली वाचकांच्या टिपा असतात, तिथे लिहिणं सगळ्यात सोपं. पण टिप पानाच्या तळाशी राहते, तिचं भाषांतर होत नाही, आणि वाचणारा तिथपर्यंत जाईलच असं नाही. आवृत्त्यांमधला फरक हा मूळ मजकुरातच हवा. म्हणून टिपेचा विचार सोडला. माझं मत अजूनही तेच आहे: एखादी युक्ती सांगायची असेल तर टिप, फंक्शन कसं वागतं ते सांगायचं असेल तर मूळ पान.

इंग्रजी मॅन्युअलचा मजकूर गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर पीएचपीच्या नावाखाली डॉक-ईएन या रेपॉझिटरीत (फाइलींच्या साठ्यात) आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी तिथे आधी शोध घेतला. उघडे इश्यू (लोकांनी कळवलेल्या अडचणी), बंद इश्यू, आधी नाकारलेल्या पुल रिक्वेस्ट, सगळ्यांत 'असर्ट' शब्द टाकून पाहिला. हे करायला कंटाळू नका. तुमचाच बदल दुसरं कोणी अर्ध्यावर आणून ठेवलेला असू शकतो, आणि आधीच्या चर्चा वाचल्या की तिथल्या लोकांना काय पटतं, काय नाही, तेही कळतं. मग एक इश्यू लिहिला. त्यात उपदेश नव्हता. तीन गोष्टी होत्या: मी काय शोधत होते, कुठल्या पानांवर काय लिहिलेलं आहे, आणि ७.४ व ८.१ वर प्रत्यक्षात काय होतं त्याचा छोटा कोड आणि त्याचं आउटपुट. शेवटी विचारलं, की हे असर्ट ऑप्शन्सच्या पानावर एकत्र केलं तर चालेल का.

इश्यू पाठवताना हात थरथरला, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. सगळं जग वाचणार, इंग्रजी कसं आहे ते बघणार, असं वाटत राहिलं. मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. पण तिथे इंग्रजीला कोणी गुण देत नाही. आउटपुट स्पष्ट असलं की पुरतं. काही दिवसांनी उत्तर आलं: पुल रिक्वेस्ट पाठवा, आम्ही बघतो. एवढंच. पण त्या एका ओळीने माझी बरीच भीती गेली, कारण आता आपण आगंतुक नाही, आपल्याला बोलावलेलं आहे, असं वाटलं.

आता तयारी. खर्चाचं विचाराल तर पैसा एकही लागला नाही. गिटहबचं खातं फुकट, बाकी साधनंही फुकट. लागतो तो इंटरनेटचा डेटा. घरी माझ्याकडे मोबाइलचंच इंटरनेट होतं, त्यामुळे रेपॉझिटरी उतरवताना पूर्ण इतिहास न घेता फक्त शेवटची स्थिती घेतली. बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनात क्लोनला (प्रत उतरवायच्या आज्ञेला) 'डेप्थ एक' असं सांगितलं की होतं. आणखी एक गोष्ट आधीच करा. गिटमधल्या प्रत्येक नोंदीत तुमचा ईमेल सार्वजनिक होतो आणि नंतर पुसता येत नाही. गिटहबच्या सेटिंगमध्ये खरा पत्ता झाकणारा एक पर्यायी पत्ता मिळतो, तो गिटमध्ये भरून ठेवा.

दोन रेपॉझिटरी शेजारी शेजारी लागतात: डॉक-ईएन, जिच्या फोल्डरचं नाव नुसतं 'ईएन' ठेवायचं, आणि डॉक-बेस, ज्यात मॅन्युअल बांधायची साधनं आहेत. डॉक-बेसमधली कॉन्फिगर नावाची पीएचपी फाइल चालवली की ती सगळ्या मॅन्युअलचं एक्सएमएल (टॅग लावून लिहिलेला मजकूर) जोडून तपासते. सगळं ठीक असेल तर टर्मिनलवर अक्षरांनी काढलेलं एक मांजर दिसतं. चुकीचं असेल तर 'काळजी करू नकोस, वरच्या चुका दुरुस्त करून पुन्हा बघ' अशा अर्थाची सलगीची ओळ येते आणि तिच्या वर चुकांची यादी. रात्री उशिरा पहिल्यांदा ते मांजर दिसलं तेव्हा मला खरंच आनंद झाला. काही न बदलता आधी एकदा ही फाइल चालवून मांजर दिसतं का ते बघा. म्हणजे पुढे चूक आली तर ती आपल्या बदलामुळे आहे हे नक्की कळतं.

मजकूर डॉकबुक नावाच्या एक्सएमएलमध्ये आहे. पहिल्यांदा बघताना दडपण येतं, कारण एका वाक्याभोवती चार टॅग असतात. नवीन टॅग आठवायचा प्रयत्नच करू नका. शेजारचं पान उघडा, तिथे आर्ग्युमेंटची यादी कशी लिहिली आहे ते बघा आणि तोच साचा वापरा. मला लागलेले नियम थोडकेच होते. प्रत्येक पायरीला एकच स्पेस आत सरकायचं, टॅब वापरायचा नाही. नल, ट्रू, फॉल्स यांच्यासाठी ठरलेल्या एंटिटी (तयार खुणा) आहेत, त्या वापरायच्या. उदाहरणाचा कोड सीडाटाच्या आत ठेवायचा, म्हणजे त्यातली कंसासारखी चिन्हं एक्सएमएलला खटकत नाहीत. आवृत्त्यांमधले बदल चेंजलॉगच्या कोष्टकात, नवी आवृत्ती वर. आणि वाचणाऱ्याला 'तुम्ही' म्हणून बोलायचं नाही. तटस्थ वाक्यं लिहायची.

लिहायला बसले आणि लक्षात आलं, की लिहिणं हा या कामातला लहान भाग आहे. एक वाक्य घ्या: 'अट मोडली की कॉलबॅक चालतो.' खरं आहे का? झेंड डॉट असर्शन्स ही सेटिंग शून्य असेल तर अट तपासलीच जात नाही, म्हणून कॉलबॅकही नाही. ती उणे एक असेल तर असर्टचा कोड तयारच होत नाही, आणि पीएचपीसोबत येणाऱ्या प्रॉडक्शनच्या आयएनआय फाइलमध्ये ती उणे एकच असते. शिवाय उणे एक वरून एक वर चालू प्रोग्रामात जाता येत नाही, आयएनआय फाइलच बदलावी लागते. म्हणजे 'माझा कॉलबॅक चालतच नाही' असं म्हणणाऱ्याने आधी ही सेटिंग छापून बघावी. मग 'कॉलबॅक चालला की पुढे काय?' ८.० पासून अट मोडली की असर्शन एरर टाकली जाणं हे ठरीव वर्तन आहे. त्याआधी ठरीव वर्तन वॉर्निंग देणं हे होतं. तर कॉलबॅक त्या एररच्या आधी चालतो की नंतर? की एरर आली म्हणून चालतच नाही?

हे मी दोन प्रकारे तपासलं. एक, छोटे प्रोग्राम लिहून. पीएचपीच्या सगळ्या आवृत्त्यांवर एकदम कोड चालवून दाखवणारी थ्री-व्ही-फोर-एल नावाची साइट आहे. तिथे एकच प्रोग्राम टाकला की कुठल्या आवृत्तीपासून आउटपुट बदललं ते गट करून दिसतं. आवृत्त्यांबद्दल काहीही लिहिणार असाल तर या साइटशिवाय लिहू नका. तिच्यावरचा दुवा पुल रिक्वेस्टमध्ये दिला की तपासणाऱ्याचेही कष्ट वाचतात. महत्त्वाचे निकाल मी घरच्या मशीनवरही डॉकरमध्ये (एकाच मशीनवर वेगवेगळ्या आवृत्त्या चालवू देणाऱ्या साधनात) ७.४, ८.० आणि ८.१ चढवून पडताळले, कारण आयएनआयच्या सेटिंग आपल्या हातात असल्या की खात्री वाटते.

दुसरा प्रकार म्हणजे मूळ सोर्स वाचणं. असर्टचा कोड पीएचपीच्या सोर्समध्ये एक्स्ट, मग स्टँडर्ड, मग असर्ट डॉट सी या फाइलमध्ये आहे. मी सी शेवटचं कॉलेजमध्ये लिहिलं होतं, तरी वाचता आलं. फंक्शन मोठं नाही. क्रम सरळ आहे: असर्ट बंद असेल तर ट्रू देऊन परत, अट खरी असेल तर ट्रू देऊन परत, नाहीतर कॉलबॅक असेल तर तो चालवायचा, त्यानंतर एक्सेप्शनची सेटिंग चालू असेल तर एरर टाकायची, नसेल आणि वॉर्निंगची चालू असेल तर वॉर्निंग द्यायची, शेवटी बेल नावाची सेटिंग चालू असेल तर प्रोग्राम थांबवायचा, नाहीतर फॉल्स द्यायचा. कॉलबॅक आधी, एरर नंतर. आणि तिथेच मला अशी गोष्ट दिसली जी मी शोधत नव्हते.

असर्टला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून स्ट्रिंगऐवजी एक्सेप्शनचा ऑब्जेक्ट देता येतो. अट मोडली की असर्शन एररच्या जागी तोच टाकला जातो. सोर्समध्ये कॉलबॅकला हाक मारताना दोन फाटे आहेत. वर्णन स्ट्रिंग असेल तर चार आर्ग्युमेंट द्यायची, नसेल तर तीन. म्हणजे एक्सेप्शनचा ऑब्जेक्ट दिलेला असेल तेव्हा कॉलबॅकला चौथं आर्ग्युमेंट मिळतच नाही. ते सक्तीचं ठेवलेलं असेल तर लॉगमध्ये आर्ग्युमेंट कमी पडल्याची तक्रार दिसते, अगदी आमच्या टाइप एररसारखीच. मी लगेच प्रोग्राम लिहून पाहिला. तसंच झालं. म्हणजे वाचकाला सांगायचं ते असं: तिसऱ्या आर्ग्युमेंटला नल चालेल असा टाइप द्या किंवा टाइपच देऊ नका, आणि चौथं ऐच्छिक ठेवा. आमच्या स्वतःच्या दुरुस्तीतही मी चौथं ऐच्छिक केलं. मॅन्युअलसाठी वाचलं नसतं तर हे मला कळलं नसतं.

ऑगस्टच्या मध्यावर पुल रिक्वेस्ट पाठवली. शीर्षक साधं: असर्ट कॉलबॅकची आर्ग्युमेंट आणि क्रम स्पष्ट करणे. वर्णनात इश्यूचा क्रमांक, प्रत्येक वाक्यासाठी पुराव्याचा दुवा, आणि काय मुद्दाम बदललं नाही तेही. पाठवल्यावर स्वयंचलित तपासणी सुरू होईल अशी अपेक्षा होती, पण ती अडून राहिलेली दिसली. घाबरू नका. पहिल्यांदा पाठवणाऱ्यासाठी गिटहबवर ही तपासणी सांभाळणाऱ्यांपैकी कोणीतरी मंजूर करावी लागते. त्यात काही दिवस गेले. तिथे काम करणारे बरेच जण स्वयंसेवक आहेत, वेगवेगळ्या देशांत राहतात, नोकरी सांभाळून हे करतात. मी आठवडाभर काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं, आणि विचारायची वेळ आली नाही.

मग शेरे आले. मला वाटलं होतं इंग्रजी दुरुस्त करतील. इंग्रजीचे दोनच शेरे होते. बाकीचे सगळे मजकुराबद्दल, आणि फार नेमके. आवृत्तीबद्दलची वाक्यं वर्णनातून काढून चेंजलॉगमध्ये न्या, वर्णनात आजचं वागणं राहू द्या. उदाहरणात एका वेळी एकच गोष्ट दाखवा. आणि एक मोठा प्रश्न: कॉलबॅक एररच्या आधी चालतो हे लिहायचं का? कारण मॅन्युअलमध्ये लिहिलं की ते वचन होतं. लोक त्यावर विसंबून कोड लिहितात, आणि मग पुढे क्रम बदलायचा झाला तर तो मोडलेला शब्द ठरतो.

या प्रश्नावर मी दोन संध्याकाळी विचार केला. माझं म्हणणं असं मांडलं: लोक आताही विसंबून आहेतच. कॉलबॅकमध्ये लॉग लिहायचा आणि मग एरर वर जाऊ द्यायची, याच्यासाठीच तो वापरला जातो. क्रम उलटा असता तर कॉलबॅकला अर्थच उरला नसता, कारण एरर टाकल्यावर पुढचं चालत नाही. सोर्समधला क्रम म्हणून अपघाताने आलेला वाटत नाही. हे लिहून सोबत सोर्समधल्या ओळींचा दुवा दिला. पटलं. वाक्य राहिलं, पण लहान होऊन. समोरच्या माणसाने मला खोडून काढायला हा प्रश्न विचारला नव्हता, मॅन्युअलच्या वाचकाची काळजी म्हणून विचारला होता. शेरे वाचताना हे ध्यानात ठेवलं की मन शांत राहतं आणि उत्तरही नीट सुचतं.

आणखी एक शेरा भाषांतराबद्दल होता. इंग्रजी पान बदललं की फ्रेंच, जपानी, स्पॅनिश, रशियन अशा भाषांतरांतलं तेच पान जुनं झाल्याची नोंद आपोआप दिसू लागते, कारण प्रत्येक भाषांतरित फाइलच्या माथ्यावर ती इंग्रजीच्या कुठल्या आवृत्तीवरून केली ते लिहिलेलं असतं. मग तिथले लोक तो बदल आपल्या भाषेत आणतात. म्हणजे माझं एक लांबलचक वाक्य कित्येक जणांना आपापल्या भाषेत उलगडावं लागणार. हे कळल्यावर मी सगळा मजकूर पुन्हा लिहिला. पोटवाक्यं काढली. एका वाक्यात एक गोष्ट. नुसता टायपो दुरुस्त करत असाल आणि भाषांतर बदलायची गरज नसेल, तर कमिटच्या (गिटमधल्या नोंदीच्या) संदेशात रेव्हचेक, म्हणजे भाषांतर जुनं झालं का ते बघणारी तपासणी, वगळण्याची ठरलेली खूण घालतात. तिच्याबद्दल योगदानाच्या मार्गदर्शिकेत वाचा.

गणपती ३१ ऑगस्टला आले. त्या दिवसांत मी मशीन उघडलं नाही, आणि तसं पुल रिक्वेस्टमध्ये आधीच लिहून ठेवलं होतं: पुढचे काही दिवस सणामुळे उत्तर देता येणार नाही. अशी एक ओळ लिहिली की कोणी ताटकळत राहत नाही. विसर्जनानंतर उरलेले शेरे पूर्ण केले, कॉन्फिगर चालवून मांजर बघितलं, आणि पीएचडी नावाच्या साधनाने पान एचटीएमएलमध्ये बांधून ब्राउझरमध्ये नीट दिसतं का ते पाहिलं. हे शेवटचं बरेच जण करत नाहीत. जरूर करा, कारण एक्सएमएल बरोबर असूनही कोष्टक वेडंवाकडं दिसू शकतं.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी मोबाइलवर सूचना दिसली: बदल स्वीकारला. ऑफिसला जाताना बसमध्ये होते. लगेच मॅन्युअलचं पान उघडलं तर जुनंच दिसलं. तेही नेहमीचंच आहे. संकेतस्थळावरची पानं बदल स्वीकारताक्षणी बदलत नाहीत, ठरलेल्या वेळी सगळं मॅन्युअल पुन्हा बांधलं जातं. त्यानंतर ते दिसलं. दोन परिच्छेद, चेंजलॉगमधल्या दोन ओळी, एक उदाहरण. सरांना दाखवलं. त्यांनी पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "हे तुझं चौथ्या आर्ग्युमेंटचं मलाही माहीत नव्हतं." मला त्याचं फार बरं वाटलं.

पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. २३ नोव्हेंबर २०२३ ला पीएचपी ८.३ आली आणि तीत असर्ट ऑप्शन्स हे फंक्शन, त्याचे सगळे स्थिरांक आणि असर्ट डॉटने सुरू होणाऱ्या आयएनआय सेटिंग कालबाह्य ठरवल्या. म्हणजे कॉलबॅकही त्यात आला. झेंड डॉट असर्शन्स मात्र कायम आहे, आणि असर्ट स्वतःही. काही मित्रांनी विचारलं, मग तुझे कष्ट वाया गेले का? मला तसं वाटत नाही. कालबाह्य झालेली गोष्ट लगेच नाहीशी होत नाही, आणि जी काढून टाकायची आहे ती कशी वागते हे तर जास्तच नीट माहीत असावं लागतं. जुन्या आवृत्तीवरून येणारा माणूस त्याच पानावर येतो.

तुमच्याकडे अजून असर्ट कॉलबॅक असेल तर आता काय करायचं ते आमच्या अनुभवावरून सांगते. असर्शन एरर हा साधा एररचा प्रकार आहे. कॉलबॅकला जे मिळायचं ते सगळं त्याच्यात आहे: फाइल, ओळ आणि संदेश म्हणून वर्णन. तेव्हा कॉलबॅकमधला लॉग लिहिणारा भाग सेट एक्सेप्शन हँडलरने नेमलेल्या फंक्शनमध्ये हलवा, किंवा प्रोग्रामच्या सगळ्यात बाहेरच्या ट्राय-कॅचमध्ये. एकच सावधगिरी: कोडमध्ये कुठे थ्रोएबल (एरर आणि एक्सेप्शन दोन्ही ज्यात येतात तो प्रकार) सरसकट पकडून गिळून टाकलेलं असेल, तर असर्शन एररही तिथेच गडप होईल. कॉलबॅक मात्र एरर टाकण्याआधी चालत असल्यामुळे त्याची नोंद व्हायची. म्हणून आधी असे कॅच शोधा. आमच्याकडे व्हाउचर छापण्याच्या भागात असा एक सापडला. २०२४ च्या जानेवारीत आम्ही जुना कॉलबॅक काढला आणि जमा-नावेची अट मुद्दाम मोडून लॉग तपासला. फाइल, ओळ आणि अटीचा पूर्ण मजकूर, तिन्ही आले.